समन्स आल्यानंतर, जबाबाच्या आधी

पत्राचा गोषवारा: पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या एका लहान भागीदारी संस्थेच्या भागीदार लिहितात, की केंद्रीय जीएसटी कार्यालयाच्या अँटी-इव्हेजन, म्हणजे करचुकवेगिरी शोधणाऱ्या, शाखेकडून दोन समन्स आले आहेत. एक त्यांच्या स्वतःच्या नावाने आहे आणि दुसरे अनेक वर्षांपासून संस्थेचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईंच्या नावाने. जबाबाची तारीख दहा दिवसांनंतरची आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन वर्षांत संस्थेने एका दलालामार्फत ज्या व्यापाऱ्याकडून क्राफ्ट कागद घेतला, त्याची जीएसटी नोंदणी पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागील तारखेपासून, रद्द झाली आहे. त्याच्या बिलांवर संस्थेने सुमारे १९ लाख रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची विक्रीवरील करातून वजावट, घेतले आहे. माल आला होता आणि पैसे बँकेतूनच दिले होते, असे त्या सांगतात. दुसरे भागीदार म्हणजे त्यांचे दीर. सगळ्यांना एकत्र बसवून काय बोलायचे ते ठरवून टाकावे, दलालाबरोबरचे व्हॉट्सॲप संदेश काढून टाकावेत आणि बाईंनी प्रत्येक प्रश्नाला 'मला माहीत नाही, मालकांना विचारा' एवढेच म्हणावे, असे दिरांचे मत आहे. ओळखीचे एक सल्लागार रक्कम भरून मोकळे व्हायला सांगतात. वकील सोबत नेला तर आपणच गुन्हेगार आहोत असे दिसेल, ही पत्रलेखिकेची भीती आहे. 'बाईंना दोन दिवस झोप नाही. आम्ही तयारी करायची तरी कशी?' असे त्या विचारतात.

तुम्ही विचारलेले प्रश्न वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: चौकशी ही परीक्षा असते आणि तिला उत्तरे पाठ करून जायचे असते. ही समजूत इतकी सर्रास आढळते की तिच्यासाठी तुमच्या दिरांना दोष देता येणार नाही. सरकारी कार्यालयाचा लखोटा आला की 'आता काय सांगायचे?' हाच प्रश्न बहुतेकांच्या तोंडून आधी निघतो. माझ्या मते या दहा दिवसांत त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: 'आपल्याकडे नेमके काय घडले?' याचे पूर्ण उत्तर आज तुमच्याकडेही नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. 'माल आला होता' हे तुम्ही एका वाक्यात लिहिले आहे. पण दोन वर्षांत किती गाड्या आल्या, कोणती गाडी कोणत्या बिलावर आली, ती कोठून भरून निघाली आणि उतरवून कोणी घेतली, याचा पत्रात उल्लेख नाही. अधिकारी विचारणार आहेत ते नेमके हेच.

आधी समन्स म्हणजे काय ते पाहू, कारण त्याविषयीची भीती बरीचशी अज्ञानातून आलेली असते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ७० खाली, साक्ष देण्यासाठी किंवा कागदपत्रे सादर करण्यासाठी कोणालाही बोलावण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला आहे आणि त्यासाठी त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ही चौकशी न्यायिक कार्यवाही मानली जाते, त्यामुळे तेथे जाणीवपूर्वक खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. परंतु समन्स म्हणजे आरोपपत्र नव्हे. ज्या व्यापाऱ्याची चौकशी चालू आहे, त्याच्याकडून माल घेणाऱ्या प्रत्येकाला असे बोलावणे येऊ शकते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनांमध्ये, बोलावलेल्या व्यक्तीला आपण साक्षीदार म्हणून जात आहोत की आरोपी म्हणून, याची प्राथमिक कल्पना समन्सवरून यावी, असे म्हटले आहे. अधीक्षकाने समन्स काढण्यापूर्वी साहाय्यक किंवा उप आयुक्तांची लेखी परवानगी घ्यावी आणि समन्सवर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा, असेही त्यात आहे. म्हणून सर्वप्रथम तो क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. बनावट समन्स पाठवून पैसे उकळणाऱ्यांपासून वाचण्याचा तोच सर्वांत सोपा उपाय आहे.

अटकेची भीती तुम्ही शब्दांत लिहिलेली नाही, पण बाईंची झोप तिनेच उडवली असावी. कलम ६९ खाली अटक करता येते ती कलम १३२ मधील ठरावीक गुन्ह्यांसाठी, आणि पुन्हा दोषी ठरण्याचा प्रसंग सोडल्यास त्यासाठी कराची रक्कम २ कोटी रुपयांहून अधिक असावी लागते. तुमची रक्कम १९ लाख आहे. हे आजच बाईंना समोर बसवून सांगा, कलमाचा मजकूर दाखवून सांगा. याचा अर्थ प्रकरण किरकोळ आहे असा नाही. पण ज्या गोष्टीची भीती बाळगण्याचे कारण नाही, तिच्या दडपणाखाली माणसे चुकीचे जबाब देतात आणि चुकीच्या कागदांवर सह्या करतात.

आता दिरांच्या सूचनेविषयी. सगळ्यांनी एकत्र बसून एकच उत्तर ठरवणे हे वरवर व्यवस्थितपणाचे वाटते, पण चौकशीच्या दृष्टीने त्याइतके घातक दुसरे काही नाही. मालक, हिशेबनीस आणि गोदाम सांभाळणारा यांनी एकच व्यवहार तीन वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेला असतो. त्यांच्या सांगण्यात थोडा फरक असणे स्वाभाविक आहे आणि अनुभवी अधिकारी तो गृहीत धरतात. तिघांच्याही तोंडून अक्षरशः एकच वाक्य आले की पहिला प्रश्न येतो, 'हे तुम्हाला कोणी सांगायला सांगितले?' त्या क्षणी खरे सांगायचे तर तुम्ही अडचणीत येता आणि खोटे सांगायचे तर बाई गुन्हा करतात. दुसऱ्याला खोटा जबाब द्यायला शिकवणे हीदेखील कायद्याच्या नजरेत साधी चूक नाही. कर्मचाऱ्यांशी बोलणे मात्र वर्ज्य नाही. समन्स कशाबद्दल आहे, तेथे काय होते, कोणती कागदपत्रे लागतील, आपले हक्क काय आहेत, हे त्यांना जरूर समजावून सांगा. उत्तराचा आशय कोणाच्याही तोंडी घालू नका. हे बोलणे शक्यतो वकिलांच्या उपस्थितीत आणि प्रत्येकाशी स्वतंत्रपणे व्हावे.

'मला माहीत नाही' या उत्तराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जबाब याच ठिकाणी बिघडतात. माहीत नसणे, आठवत नसणे आणि अंदाज असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जबाबात त्या वेगळ्याच राहायला हव्यात. दलालाशी दर कोणी ठरवला हे बाईंना खरोखरच ठाऊक नसेल, तर 'मला माहीत नाही' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. मे २०२३ मधील एखादे बिल त्यांनी कोणत्या दिवशी टॅलीत चढवले हे आज डोक्यात नसेल, तर 'आठवत नाही, नोंद पाहून सांगते' हे उत्तर योग्य आहे आणि नंतर ती नोंद खरोखर दिली पाहिजे. 'गाडी बहुधा त्यांच्याच गोदामातून आली असावी' असे म्हणणे हा अंदाज आहे. तो द्यायचाच नाही, आणि आग्रहच झाला तर तो अंदाज आहे असे लिहवून घ्यायचे. प्रत्येक बिलावर ज्यांच्या हाताने नोंद झाली आहे, त्या बाईंनी सरसकट सगळ्याला 'माहीत नाही' म्हटले, तर त्यांचीच नोंद त्यांना खोटे ठरवील. शिवाय 'मालकांना विचारा' हे पालुपद ऐकणाऱ्याला मालकाने शिकवलेले वाटते.

संदेश काढून टाकण्याचा विचार आजच सोडून द्या. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे, आणि महत्त्वाचा पुरावा नष्ट केल्याबद्दल जीएसटी कायद्यातही दंड आहे. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. तुमच्या फोनमधला संदेश दलालाच्या फोनमध्येही असतो, आणि दलालाला समन्स गेले नसेल असे मानायला काहीच आधार नाही. त्याच्याकडे तो सापडला आणि तुमच्याकडे नाही, म्हणजे एका संशयाच्या जागी दोन झाले. उलट, त्या संदेशांत गाडीचा क्रमांक, चालकाचा फोन, 'माल उतरला' असा निरोप किंवा वजन कमी भरल्याची तक्रार असण्याचा चांगलाच संभव आहे, आणि तसे असेल तर तेच तुमचे सर्वांत उपयोगी कागद ठरतील. संस्थेतील प्रत्येकाला लेखी कळवा की त्या व्यापाऱ्याशी आणि दलालाशी संबंधित कोणताही कागद, ईमेल, संदेश किंवा संगणकातील नोंद काढायची नाही, बदलायची नाही, मागील तारखेने नवी करायची नाही. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. तसेही जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. २०२२-२३ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत भरायचे होते, म्हणजे त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत ठेवणे भाग आहे. चौकशी चालू असल्यास तिचा अंतिम निकाल लागल्यापासून एक वर्ष, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत.

आता खऱ्या तयारीकडे वळू. इनपुट टॅक्स क्रेडिट घेणाऱ्यानेच आपला हक्क सिद्ध करायचा असतो, असे कलम १५५ सांगते. हा भार किती जड आहे, हे मार्च २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने स्पष्ट केले. तो निकाल कर्नाटकच्या जुन्या व्हॅट कायद्याखालचा असला, तरी अधिकारी जीएसटीच्या प्रकरणांतही त्याचा आधार घेतात. केवळ बिल आणि धनादेशाने दिलेले पैसे पुरेसे नाहीत. माल प्रत्यक्ष हलल्याचा पुरावा, म्हणजे गाडीचा तपशील, दिलेले भाडे, माल मिळाल्याची पोच, असे काही हवे, असा त्याचा आशय आहे. तुमच्या पत्रातील 'पैसे बँकेतूनच दिले' हा दिलासा म्हणूनच अपुरा आहे. बँकेतून पैसे देऊन मागच्या दाराने रोख परत घेण्याचे प्रकार या विभागाने भरपूर पाहिलेले आहेत.

त्यामुळे बिलागणिक एक पाकीट करा. त्यात मूळ बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी पोर्टलवर काढलेला परवाना), ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल गाडीत भरल्याची पावती), भाडे दिल्याची नोंद, फाटकावरील आवक नोंदवहीचे पान, वजनकाट्याची पावती, गोदामातील साठा नोंद, बँकेचा उतारा आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणारे क्रेडिटचे विवरण) मधील त्या बिलाची ओळ, एवढे एकत्र लावा. वजनकाट्याच्या पावतीला मी फार महत्त्व देतो. तिच्यावर गाडीचा क्रमांक, भरलेले आणि रिकामे वजन, तारीख आणि वेळ असते, आणि ती तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाने छापलेली असते. तिच्या मागे गोदामवाल्याने पेन्सिलने 'दोन रीळ ओले, वजन कापले' असे काही लिहून ठेवले असेल, तर तो मजकूर जसाच्या तसा राहू द्या. सगळे सुरळीत दाखवणाऱ्या स्वच्छ फाइलपेक्षा असा मळका कागद कितीतरी जास्त बोलतो. त्याबरोबर गाडीचा क्रमांक खरोखर मालवाहू वाहनाचा आहे ना, हे पाहा, कारण बनावट ई-वे बिलांवर दुचाकीचे क्रमांक सापडल्याची प्रकरणे झाली आहेत.

खोकी बनवणाऱ्यांकडे आणखी एक भक्कम आधार असतो, आणि तो बहुतेक जण मांडायला विसरतात. त्या महिन्यांत तुम्ही किती खोकी विकली, त्यांना किती कागद लागला आणि या व्यापाऱ्याचा कागद वगळला तर तेवढा कागद तुमच्याकडे होता का, याचा ताळेबंद मांडा. विक्रीवर तुम्ही कर भरलेला आहे. खोकी झाली असतील तर कागद कोठून तरी आलाच होता. हा हिशेब जुळला तर तो फार वजनदार ठरतो. मात्र तो 'माल आला' एवढेच सिद्ध करतो, 'याच व्यापाऱ्याकडून आला' हे नव्हे, आणि हा फरक अधिकारी सोडणार नाहीत. शेवटी, व्यापाऱ्याची नोंदणी रद्द करण्याचा आदेश कोणत्या तारखेला निघाला आणि तो कोणत्या तारखेपासून लागू केला, या दोन्ही तारखा टिपून घ्या. तुम्ही माल घेतला त्या दिवशी पोर्टलवर नोंदणी चालू दिसत होती, एवढ्याने क्रेडिट वाचेलच असे नाही, पण तुम्ही डोळे मिटून व्यवहार केला नाही हे त्यावरून दिसते.

हे काम करताना एखाद-दोन बिलांची पाकिटे रिकामी राहतील, अशी मानसिक तयारी ठेवा. एखाद्या बिलासाठी ना बिल्टी सापडेल ना काटा पावती. त्या क्षणी 'आता करून घेऊ' असा मोह होतो, आणि साध्या करवादाचे रूपांतर बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी फौजदारी प्रकरणात होते. जे नाही ते नाही, असे त्या पाकिटावर लिहून ठेवा.

तुमच्या हिशेबनीस बाईंविषयी मला विशेष काळजी वाटते. समन्स त्यांच्या वैयक्तिक नावाने आहे, म्हणजे त्या संस्थेच्या प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगायला जाणार आहेत, आणि सहीची जबाबदारी त्यांची स्वतःची राहणार आहे. तुमचे आणि त्यांचे हित आज एकच दिसते, पण ते शेवटपर्यंत एकच राहील असे धरून चालू नका. समजा, 'माल आला नसतानाही बिल चढवा' असे कोणीतरी त्यांना एखाद्या वेळी सांगितले असेल. तर तुमच्या वकिलांचा सल्ला त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. म्हणून त्यांना हवा असल्यास स्वतंत्र वकील घेता येईल आणि त्याचा खर्च संस्था करील, असे स्पष्ट सांगा. जबाबाचा दिवस कामाचा दिवस धरा. खरे सांगितल्याबद्दल नोकरीवर कोणताही परिणाम होणार नाही, असे लेखी द्या, आणि ते मनापासून द्या. तुमच्यापैकी कोणी त्यांना काही दिवस रजेवर पाठवण्याचा विचार करत असेल तर तोही सोडा; त्यांना आपल्याच नोंदी पाहायला न मिळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि बाहेरून ते साक्षीदार लपवल्यासारखे दिसते. दिरांनाही हे पटवून द्यावे लागेल, कारण बाईंच्या मनातील धाक तुमच्यापेक्षा त्यांचा अधिक असू शकतो.

वकील नेल्याने माणूस दोषी दिसतो, ही समजूत काढून टाका. या शाखेतील अधिकाऱ्यांना वकील आणि सीए रोज भेटतात. मर्यादा मात्र ठाऊक असू द्या. चौकशीसाठी बोलावलेली व्यक्ती आरोपी नसल्यामुळे प्रश्नोत्तरांच्या वेळी वकील शेजारी बसवण्याचा हक्क तिला मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्काच्या संदर्भात म्हटले होते. पुढे काही प्रकरणांत, वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसू द्यावे, अशी परवानगी त्याच न्यायालयाने दिली. तेव्हा तशी विनंती आधीच लेखी करा. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अधिकृत प्रतिनिधीमार्फत हजर राहण्याचीही वाट आहे, पण स्वतः यायचे की प्रतिनिधी चालेल, हे अधिकारी ठरवतात. वकिलाचा खरा उपयोग जबाबाच्या खोलीपेक्षा त्याआधीच्या आठवड्यात असतो. पाकिटांतील उणिवा परक्या नजरेला लवकर दिसतात.

दहा दिवस अपुरे वाटले तर मुदत मागा. कारण देऊन, तारीख सुचवून आणि तोपर्यंत जेवढी कागदपत्रे तयार आहेत तेवढी सोबत जोडून मागा, म्हणजे टाळाटाळ दिसणार नाही. काहीही न कळवता गैरहजर राहणे मात्र चालणार नाही. त्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि वारंवार गैरहजर राहिल्यास प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते. चौकशी कशाची आहे हे समन्सवरून कळत नसेल तर तेही नम्रपणे लेखी विचारा. मंडळाच्या ३० मार्च २०२४ च्या सूचनांनुसार नुसते 'जीएसटी चौकशी' असे मोघम लिहिणे अपेक्षित नाही.

जबाबाच्या दिवशी प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा, समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे, विचारले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि शांतता भरून काढण्यासाठी बोलत राहू नये. अधिकारी सहसा उद्धट नसतात. पण ते मायेने बोलले म्हणून मोकळेपणाने अंदाज सांगत सुटणे तितकेच नुकसान करते. भाषेकडे विशेष लक्ष द्या. बाई मराठीत बोलल्या आणि जबाब इंग्रजीत टंकलिखित झाला, तर प्रत्येक पान मराठीत समजावून घेतल्याशिवाय त्यांनी सही करू नये. स्वतःच्या हस्ताक्षरात मराठीतून जबाब लिहू देण्याची विनंती करावी. 'माल त्यांच्याकडून आला असे मला सांगण्यात आले' आणि 'माल त्यांच्याकडून आला' या दोन वाक्यांतला फरक भाषांतरात सहज हरवतो आणि पुढे तोच फरक संपूर्ण प्रकरण फिरवतो. चूक आढळली तर तेथेच दुरुस्त करून घ्यावी आणि दुरुस्तीपाशी सही करावी. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे अनेकांना ठाऊक असते. पण जीएसटी अधिकारी पोलीस अधिकारी मानले जात नाहीत, त्यामुळे त्या संरक्षणाच्या भरवशावर राहू नये. दबावाखाली काही लिहून दिले गेलेच, तर ते मागे घेत असल्याचे शक्य तितक्या लवकर, कारणांसह आणि लेखी कळवावे लागते. महिन्यांनी केलेल्या माघारीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

'भरून मोकळे व्हा' हा सल्ला मी पूर्णपणे फेटाळत नाही, पण तो बिले तपासण्याआधी दिलेला आहे, ही त्याची अडचण आहे. तुमची दोन्ही वर्षे कलम ७३ आणि ७४ च्या चौकटीत येतात. फसवणुकीचा हेतू नसताना चुकून क्रेडिट घेतले गेले असेल, तर कलम ७३ लागते आणि नोटीस येण्यापूर्वी कर आणि व्याज भरल्यास दंड लागत नाही. फसवणुकीचा हेतू धरून कलम ७४ लागू होणार असेल, तर नोटीस येण्यापूर्वी कर आणि व्याजासह १५ टक्के दंड भरून विषय संपवता येतो, आणि आदेश निघेपर्यंत थांबल्यास दंड कराइतका, म्हणजे १०० टक्के होऊ शकतो. १९ लाखांवर १५ टक्के म्हणजे २ लाख ८५ हजार. १८ टक्के दराने व्याज वर्षाला ३ लाख ४२ हजार. हे आकडे कागदावर मांडा आणि मग बिलागणिक निर्णय घ्या. ज्या बिलांची पाकिटे भरलेली आहेत त्यांच्यासाठी लढा. ज्या बिलांवर माल आला नव्हता असे तुमच्याच तपासात आढळले, त्यांचे पैसे वकिलांच्या सल्ल्याने स्वतःहून डीआरसी-०३ या ऐच्छिक भरण्याच्या फॉर्मने भरा. ते क्रेडिट तुमचे नव्हतेच. जबाबाच्या खोलीत बसून मात्र काहीही भरू नका. चौकशी किंवा झडतीच्या वेळी वसुलीसाठी दबाव आणू नये, असे मंडळाने २५ मे २०२२ रोजीच अधिकाऱ्यांना बजावले आहे, आणि असा दबाव आल्यास करदात्याला न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात मान्य केले आहे.

ज्या वाचकांना अजून समन्स आलेले नाही, पण जे दलालामार्फत खरेदी करतात, त्यांनी आजच दोन गोष्टी कराव्यात. नव्या पुरवठादाराची नोंदणी, त्याची विवरणपत्रे भरली जात आहेत का, आणि शक्य असल्यास त्याची जागा, हे पहिल्या खरेदीआधी तपासून त्याची छापील प्रत ठेवावी. आणि अधिकारी पूर्वसूचनेशिवाय दारात आले तर कोणी पुढे व्हायचे, हे ठरवून ठेवावे. त्या व्यक्तीने ओळखपत्रे आणि कलम ६७ खालील आयएनएस-०१ हे अधिकारपत्र पाहावे, वकिलांना कळवावे, अडथळा आणू नये, पंचनाम्याची प्रत घ्यावी आणि जप्त झालेल्या प्रत्येक कागदाची यादी स्वतःही करावी. जप्त कागदपत्रांच्या प्रती मागण्याची तरतूद त्याच कलमात आहे. रोजच्या कामाला लागणाऱ्या कागदांसाठी तो अर्ज लगेच द्यावा.

तुमच्या बाबतीत, जबाब झाल्यावर त्याच संध्याकाळी तुम्ही आणि बाई दोघींनी आपापल्या वकिलांपाशी स्वतंत्रपणे बसून, जबाबात काय विचारले गेले आणि काय सांगितले याची टिपणे लिहून ठेवा. 'पाहून सांगते' म्हणून जे जे कबूल केले असेल ते आठवड्याच्या आत पत्रासोबत द्या आणि पोच घ्या. राज्य जीएसटी कार्यालयाकडूनही याच व्यापाऱ्याबद्दल विचारणा आली, तर केंद्रीय कार्यालयाची चौकशी चालू असल्याचे त्यांना लेखी कळवा, पण त्या कारणाने तेथे जाणे टाळू नका. पुढे कारणे दाखवा नोटीस आली तर तिच्या उत्तरासाठी ही बिलागणिक केलेली पाकिटेच कामी येतील. त्यामुळे जबाब संपला म्हणून ती मोडू नका, आणि मूळ प्रती कोणालाही पोच घेतल्याशिवाय देऊ नका.